बरडातले चतुर

मेडशी,
९ ऑक्टोबर २०२४

वैजू,

आधी दार लाव, मग वाच. वाचून झालं की चुलीत घाल. आशीर्वाद आहेच, तो काही जळत नाही.

फोन काहून नाही केला म्हनशील. आपल्या घराची मधातली भिंत तुले माईत आहे. इकडं मी खोकललो की तिकडं हरीची बायको काढा ठेवते. मंजू वाईट नाही, पन तिचे कान लई चांगले आहेत. म्हनून धनसिंगच्या जीपीनं हे पत्र धाडून राह्यलो. पाकीट भातानं चिकटवलं आहे अन् वरून दोरा गुंडाळला आहे. दोरा सुटेल दिसला तर मले कळव.

आता ऐक. आपला लहाना भाऊ परवा ओट्यावर येऊन बसला अन् म्हनते, "दादा, तुझं बरड मले दे. त्याच्या बदल्यात माझ्याकडचा नाल्याजवळचा काळ्या मातीचा पट्टा तू घे." मी म्हनलो, बावा, ताप आला का तुले? त्या बरडात कुसळाशिवाय काही उगवत नाही. बाबांनी वाटनीत ते माह्याकडं टाकलं तवा मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नव्हतो. अन् काळी माती देऊन दगड मांगनारा मानूस मी या जन्मात पाह्यला नाही.

तवाच माह्या मनात पाल चुकचुकली. मागच्या महिन्यात यानं मले इचारलं होतं, "मिरचीसाठी प्लास्टिक आनलं, घरात घुशी कुरतडतात, तुझ्या बरडात पसरवू का?" मी भोळा मानूस. म्हनलो पसरव, कुसळं तरी मरतील. आता पाह्यलं तर काळंभोर, जाड, चामड्यासारखं प्लास्टिक. मिरचीसाठी एवढं जाड? मिरची पेरते का म्हशी?

अन् खरी गोष्ट पुढंच आहे. सोयाबीन निघाल्यापासून चतुर लई झाले. ते हळदी रंगाचे, चार पंखांचे, जे कधी बसत नाहीत, दिवसभर तरंगतच राह्यतात. ते साऱ्या शिवारात फिरतात, पन त्या प्लास्टिकवर येऊन खाली वाकतात अन् शेपटी टेकवतात. टेकवतात, उडतात, पुन्हा टेकवतात. मी तीन दुपारी बाभळीखाली बसून पाह्यलं. बाबा काय म्हनायचे? चतुर शेपटी फक्त पान्यावर टेकवते. म्हंजे खाली पानी आहे, वैजू. हरीले ते आधी कळलं, त्यानं वरून झाकून टाकलं, अन् आता जागा मांगून राह्यला.

तुले काही बोलला का तो? खरं सांग.

तुहा दादा


रिसोड,
१४ ऑक्टोबर २०२४

दादा,

नमस्कार करते. पत्र चुलीत घातलं नाही, कारण घरात चूल नाही, गॅस आहे. दोरा जागेवर होता. धनसिंग म्हनला, "मावशी, याच्यात दागिने आहेत काय?"

अरे, तुह्या संशयाले काही धरबंद आहे का? गाय आटली होती तवा तू गोमतीबाईच्या नजरेवर घेतलं. चार दिवसांनी कळलं की वासरूच दावं तोडून पीत होतं. बिचारी गोमतीबाई अजून आपल्या गोठ्याकडं पाहत नाही, मान वळवून जाते.

तुहं पत्र मी रुचिकाले वाचून दाखवलं. दार लावून, घाबरू नको. ती वाशीमले कॉलेजात हेच किडे-पाखरं शिकून राह्यली. ती म्हनते, ही चतुराची मादी असते, शेपटी टेकवून अंडे घालते. तिले पानी डोळ्यानं कळत नाही, चमक कळते. काळं गुळगुळीत काही दिसलं की तिले तळं वाटते. बिचारीचे सारे अंडे वाळून जातात. अन् हेही म्हनते की हेच चतुर इथून निघून समुद्र ओलांडून जातात, पार आफ्रिकेपर्यंत. मले तर ऐकूनच दम लागला.

हरी बरड मांगते त्याचं म्हनशील तर त्याले सरळ हो म्हन नाहीतर नाही म्हन. त्याच्या मनात काळं नाही, एवढं मी लिहून देते. याच्यापुढं मले इचारू नको.

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलं आहे. वहिनीलेही दे.

वैजू


मेडशी,
१९ ऑक्टोबर २०२४

वैजू,

"याच्यापुढं मले इचारू नको"? म्हंजे पुढं काहीतरी आहे! चोराच्या मनात चांदनं. मी हे वाक्य रुक्मिनीले तीनदा वाचून दाखवलं. ती म्हनते, "अवो, बहीन आहे तुमची, वकील नाही." तिले काय कळते.

रुचिकाले सांग, मामाचा आशीर्वाद, पन मामाले येडा समजू नको. जी मादी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जाते, जिले रस्ता चुकत नाही, तिले मेडशीच्या बरडातलं प्लास्टिक फसवते? मग फसनारा कोन, ती का मी?

मी खात्री करूनच घेतली. तांड्यावरचा खेमा पानी पाह्यते, तळहातावर नारळ आडवा ठेवून चालते. जिथं नारळ उभा राह्यते तिथं पानी. त्याले बोलावल्याशिवाय आपल्या शिवारात कोनी बोर मारत नाही. त्याले मी बरडात नेलं. हरी मळनीयंत्रामागं होता. खेमा साऱ्या बरडात फिरला. प्लास्टिकच्या काठानं चालला, मी म्हनलो वरून चाल, तर वरूनही चालला. नारळ आपला लोळत पडलेला. म्हनते, "दादा, इथं खडक हाये. पैसे वाया घालू नका."

आता मले सांग, खेमा आजवर कोनाले नाही म्हनला? नाही म्हनल्यानं त्याचं पोट भरते का? मी घरी येतो तर काय, हरीच्या ओट्यावर खेमा चहा पिऊन राह्यला, अन् मंजू त्याले बशीत टोस्ट देऊन राह्यली! खेमाले कोनी नाही म्हनायले लावलं, हे आता पोट्ट्यालेही कळेल.

हरी रोज इचारते, "दादा, काय ठरवलं? हरभरा पेरायच्या आधी सांग, दिवाळीनंतर मशीन येनार आहे." मी म्हनलो, कोनतं मशीन? तर जीभ चावली लेकानं. म्हनते, "पेरनीचं." पेरनीच्या मशीनीले जीभ काहून चावा लागते?

जानराव


रिसोड,
२४ ऑक्टोबर २०२४

दादा,

यावेळी नुसतं जानराव लिहून सही केलीस. रागावला वाटते.

तुले एक गंमत सांगते. काल यांची काळी गाडी धुऊन अंगनात उभी होती. मी तांदूळ निवडत बसले होते. चार-पाच चतुर आले अन् बोनेटवर शेपट्या टेकवू लागले, अगदी तुह्या पत्रात लिहिलं तसं. मी यांले बाहेर बोलावलं, म्हनलं, अहो, बोनेट खोदा, खाली झरा आहे. हे एवढे हसले की शेजारीन पाह्यले आली. आता तू सांग, आमच्या गाडीखालीही हरीनं पानी झाकून ठेवलं का?

खेमा चहा प्याला तर प्याला. त्याची पोरगी अन् मंजू एकाच बचत गटात आहेत, टोस्ट कोनीही देते. दादा, जो नाही म्हनते तो विकला गेला अन् जो हो म्हनते तो शहाना, असं असलं तर मग कोनाले इचारतोसच कायले?

भाऊबीजेले ये. हरी-मंजू येनार आहेत, तू अन् वहिनीही या. दोघं भाऊ एका पाटावर बसा, मी ओवाळते, अन् जे काय आहे ते माह्यासमोर बोला. मले त्यानं शपथ घातली आहे, म्हनून माहं तोंड बंद आहे. पन तुमी दोघं समोर असले तर मी ती शपथ मोडीन, मग जे व्हायचं ते होवो. नक्की ये. तुह्यासाठी खसखस घालून अनारसे केले आहेत.

वैजू


मेडशी,
२९ ऑक्टोबर २०२४

प्रिय वैजू,

तुहं म्हननं पटलं. रुचिका म्हनते तसंच असंल. शिकेल पोरगी आहे.

भाऊबीजेले माहं येनं होत नाही. पाय सुजला आहे, रुक्मिनी हळद-तेल लावून राह्यली. पन हरी अन् मंजूले मात्र तू लवकर परत धाडू नको. पोरगं वर्षभर राबते, दोन दिवस बहिनीकडं राहू दे. त्याले रिसोडचा बाजार दाखव, मंजूले साडी घे. ढोरांचं मी पाहीन, वावराचंही पाहीन. हरीले मी तसं सांगतलं आहे, तूही आग्रह कर.

माह्या वाटचं तूच ओवाळून घे.

तुहा दादा


रिसोड,
४ नोव्हेंबर २०२४

दादा,

हे पत्र हरीच्याच हातानं धाडून राह्यले. पाकीट चिकटवलं नाही. याच्यात काय लिहिलं ते त्याले माईत आहे, कारण त्यालेच इचारून लिहून राह्यले.

तुहं मागचं पत्र वाचून मले रडू आलं. हरीले दाखवलं, तर त्यानं ते घडी करून आपल्या खिशात ठेवलं. म्हनला, "ताई, दादा एवढा चांगला अन् मी त्याच्यापासून लपवून राह्यलो." मी म्हनलं, मग सोड मले शपथेतून. त्यानं सोडलं. तर आता वाच.

ते प्लास्टिक मिरचीचं नाही. शेततळ्याचं अस्तर आहे. हरी तुह्या बरडात शेततळं खोदनार आहे. तिथं पीक येत नाही, उतार आहे, पावसाचं सारं पानी तिथंच वाहून जाते, म्हनून ती जागा. मशीन खोदायचं येनार आहे, जीभ त्याच्यासाठीच चावली. तळ्यातून दोन पाइप निघनार, एक त्याच्या वावरात, एक तुह्या.

तू इचारशील, मग लपवलं काहून? आठव, मागच्या उन्हाळ्यात त्यानं आपली मोटर तुह्या हरभऱ्याकडं वळवली तर तू काय म्हनला होता? "लहान्या भावाचं पानी पिऊन मोठं व्हायचं असतं तर मी आधीच लहाना जन्मलो असतो." तो ते विसरला नाही. म्हनून त्यानं ठरवलं, आधी बरड माह्या नावानं होऊ दे, दादाले काळी जमीन मिळू दे, तळं भरू दे, मग पाइप सोडून देईन, भरलेलं पानी कोन नाकारते. खेमाले त्यानं आधीच नेऊन खात्री केली होती की खाली झरा नाही, खोदताना फुकट अडचन नको. इतकंच.

तू नव्हता, म्हनून रिवाजाप्रमानं चंद्राले ओवाळलं. काल संध्याकाळी कोर अगदी बारीक होती, पान्याच्या टाकीच्या मागं. हरी म्हनला, "ताई, दादाच्या वाटचं मले डबल ओवाळ." मी म्हनलं, चंद्रालेच घेऊ दे, तो काही संशय घेत नाही. लई हसलो.

पाय कसा आहे? आता तरी त्याले जवळ घे, दादा.

वैजू


मेडशी,
६ नोव्हेंबर २०२४

ताई,

काल आमी दुपारी पोचलो. दादा घरी नव्हता. वहिनी म्हनल्या बरडात आहेत. तुहं पत्र द्यायले मी तसाच गेलो.

अस्तर फाटलं आहे. बोरची गाडी वरूनच नेली, चाकानं पार चिरत गेलं. मधात बोर मारली. चहुकडं राखेसारखी पांढरी भुकटी, अजून कोरडी. तीनशे फुटाच्या वर गेले अन् काही नाही लागलं. दादा त्या भुकटीत बसला होता. पाय सुजेल नव्हता.

मी तुहं पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं तिथंच वाचलं. मग उठून सरळ नाल्याकडं चालत गेला. मी थांबलो नाही.

मले एक सांग ताई, अन् खरं सांग. तूच आमाले दोन दिवस राह्यले लावलं. बाजार दाखवला, मंजूले साडी घेतली, जाऊ का म्हनलं तर दार अडवून उभी राह्यली. तुले माईत होतं का? मंजू म्हनते, ताई असं करनार नाही. मलेही तसंच वाटते. पन वाटते म्हनून आता कायचा भरवसा, दादाचंही मले वाटतच होतं.

खोदायच्या मशीनवाल्याले मी नाही म्हनून सांगतलं.

हरीओम


रिसोड,
९ नोव्हेंबर २०२४

दादा,

आज नमस्कार लिहीत नाही.

तू माह्या भाऊबीजेचं ताट समोर धरून त्याच्याआड बोर मारली. मी चंद्राले ओवाळत होते तवा तू बरडात गाडी उभी करून होता. तुह्या सुजेल पायासाठी मी गजानन महाराजाले नारळ बोलले होते, ठाऊक आहे तुले?

जमीन तुही, बोर मार नाहीतर विहीर खोद, माहं काही म्हननं नाही. पन "हरीले लवकर धाडू नको" हे तू माह्या हातानं करवून घेतलं. आज माहा लहाना भाऊ मले इचारते, ताई, तुले माईत होतं का. त्याले मी काय लिहू? तुहं पत्र त्याच्याच खिशात आहे, पन आता म्हनेल, दोघांनी मिळून लिहिलं. तुहा रोग त्याले लावला तू. घरात एक होता तो पुरे नव्हता का?

मी हरीले उत्तर धाडलं. त्याचं काही आलं नाही. फोन उचलत नाही. मंजूनं एकदा उचलला अन् रडून ठेवून दिला.

आता ऐक, दादा. हरी या घरी येऊन मले ताई म्हनत नाही, तोवर तू मले पत्र लिहू नको अन् मी उघडनार नाही. दोरा गुंडाळ का साखळी.

वैजयंती


मेडशी,
८ ऑगस्ट २०२५

वैजू,

तू लिहू नको म्हनलं होतं. मी नऊ महिने लिहिलं नाही. माह्यासारख्या मानसानं एवढं तोंड धरलं, याची तरी बूज ठेव अन् पुढं वाच.

काय झालं ते सरळ सांगतो. तुहं ते पत्र वाचून मी नाल्याकडं गेलो अन् अंधार पडेपर्यंत घरी आलो नाही. रुक्मिनीनं जेवायले वाढलं अन् आत निघून गेली. मले वाटलं होतं ती शिव्या देईल, तर सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी हरीकडं गेलो. तो गोठ्यात होता. मी म्हनलो, बरड तुहं. त्यानं शेन उचलन्याचं थांबवलं नाही. मी म्हनलो, काळी माती मले नको, बरड तसंच घे. तो म्हनला, "नको." मंजू चहा घेऊन आली, तो मी उभ्यानंच पेलो. काही जमलं नाही.

मग मीच मशीनवाल्याले बोलावलं. उन्हाळ्यात खड्डा खोदून घेतला, माह्याच बरडात, हरी म्हनत होता त्याच मापाचा. खोदता खोदता ते बोरचं भोक खड्ड्याच्या बरोब्बर पोटात आलं. मशीनवाला हसून म्हनते, "काकाजी, पानी भरायच्या आधीच मोरी काढून ठेवली काय?" चिकनमाती आनली, पायानं तुडवली, टोपलीटोपलीनं ते भोक मीच बुजवलं, दुसऱ्या कोनाले हात लावू दिला नाही. अस्तर गरम करून जोडनारा मानूस अकोल्याहून आनला. आता ते गोधडीवानी दिसते, पन गळत नाही.

हरी रोज दोन वावरांच्या मधातल्या धुऱ्यावर येऊन उभा राह्यचा. पाह्यचा अन् जायचा. मी मनात म्हनायचो, हा आता काय शोधून राह्यला? कुठं चुका काढते? रुक्मिनी म्हनली, "अवो, आता तरी!" तवा समजलं की सवय अजून गेली नाही.

तळं निम्म्याच्या वर भरलं. दोन पाइप टाकले, एक इकडं, एक तिकडं, तुह्या पत्रात लिहिलं तसंच. त्याचा पाइप मी आधी जोडला.

काल दुपारी काठावर बसलो होतो. चतुर आले, तेच हळदीचे. तळ्यावर उतरून शेपट्या टेकवू लागले. यावेळी पानी खरंच होतं, वैजू. मी पाहतच राह्यलो. केव्हा हरी माह्यामागं येऊन उभा राह्यला, कळलं नाही. गोठ्यातल्या त्या "नको"नंतर तो माह्याशी एक शब्द बोलला नव्हता. चतुराकडं बोट दाखवून म्हनते,

"दादा, खाली पानी असंल काय रे?"

मले आधी वाटलं टोमना आहे. मग त्याचं तोंड पाह्यलं. त्याले हसू आवरत नव्हतं अन् डोळे भरले होते. मग मीही हसलो अन् रडलोही, दोन्ही सोबत. बाभळीखाली ढोरं पाहून राह्यली होती.

उद्या राखी आहे. हरी-मंजू सकाळच्या गाडीनं तुह्याकडं येऊन राह्यले. त्याले मी तुहं नोव्हेंबरचं पत्र दाखवलं, सारं, "नमस्कार लिहीत नाही"पासून. अन् माहं ते पाय सुजल्याचं पत्रही त्याच्याचजवळ आहे, इतके दिवस खिशात घेऊन फिरत होता. त्याले आता माईत आहे की तुले माईत नव्हतं. तो दारात उभा राहून ताई म्हनेल. त्याच्यानंतर मी यायचं का नाही ते तू सांग. मंजू म्हनते चला, रुक्मिनीनं पिशवी भरूनही ठेवली, पन तू म्हनशील तर.

एवढं लिहून झालं तवा रुक्मिनीनं भाताची वाटी अन् दोरा आनून समोर ठेवला. मी म्हनलो, ठेवून दे.

पाकीट उघडंच आहे. हरीच्या हातात दिलं आहे. वाटेत वाचलं तर वाचू दे.

तुहा दादा